दूरशिक्षणाला केंद्रावरचा माणूस हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सध्या दूरशिक्षणाच्या प्रवेशांचे दिवस आहेत. 'घरबसल्या पदवी'च्या जाहिराती एसटी स्टँडपासून किराणा दुकानाच्या शटरपर्यंत चिकटल्या आहेत. तालुक्याच्या गावातल्या एका अभ्यासकेंद्रावर मी बरीच वर्षे दर रविवारी बी.ए.च्या विद्यार्थ्यांना शिकवते. या जाहिरातींत जे येत नाही, ते लिहावेसे वाटले.

माझ्या वर्गात अंगणवाडी सेविका असतात, एमआयडीसीतले कामगार असतात, मुलांची लग्ने झाल्यावर पुन्हा वही उघडणाऱ्या बायका असतात. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले ते अशा लोकांसाठीच. डॉ. राम ताकवले पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पुरा करून पदवीकडे जाता यावे, ही सोय त्या काळात केवढी धाडसाची होती! आजही अंगणवाडी सेविकेला मुख्यसेविका व्हायचे तर पदवी लागते. अंगणवाडी, घर आणि शेत सांभाळून ती रोज कॉलेजात जाणार कशी? तिला दूरशिक्षणाशिवाय वाट नाही. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही मुलाखतीत 'रेग्युलर की बाहेरून?' असे विचारून उमेदवाराला खाली बघायला लावले जाते. हे थांबले पाहिजे.

प्रौढ विद्यार्थी पहिल्यांदा अडतो तो अभ्यासात नव्हे, प्रवेशाच्या अर्जात. आता दूरशिक्षणाच्या प्रवेशाला डीईबी आयडी (अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो, त्याच्यासाठी एबीसी आयडी (विद्यार्थ्याचे श्रेयांक जमा होणाऱ्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक), आणि त्याच्यासाठी डिजिलॉकर (कागदपत्रे ठेवण्याचे सरकारी ॲप) व आधार. बोगस संस्थांना आळा बसावा म्हणून अशी नोंद हवीच, त्याला माझा विरोध नाही. पण ही साखळी अठरा वर्षांच्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली दिसते. चाळिशीतल्या बाईच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. लग्नाची नोंदणी झालेली नसेल तर प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव बदलून घ्या, म्हणजे पुन्हा खर्च आणि खेपा. एवढे करून अर्ज भरायला बसावे, तर आधारला जोडलेला नंबर पुण्यात कंपनीत असलेल्या मुलाचा निघतो. तो शिफ्टवर, फोन लॉकरमध्ये. तो फोन उचलेपर्यंत ओटीपीची मुदत संपलेली असते. सायबर कॅफेवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो आणि बाई कागदपत्रांची पिशवी घेऊन परत जाते. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणणाऱ्या या बायका पुढच्या वर्षी सहसा येत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. त्यांच्या अंगी हुशारी कमी नसते.

प्रवेश मिळाला तरी शिकणे घडते ते रविवारच्या संपर्कसत्रात, म्हणजे केंद्रावर शिक्षकासमोर भरणाऱ्या वर्गात. रात्रपाळी संपवून थेट वर्गात येणारा एक सुरक्षारक्षक पहिल्या बाकावर बसतो, कारण मागे भिंतीला टेकले की झोप लागते. वीस वर्षांनी पेन धरणाऱ्याची बोटे अर्ध्या तासात भरून येतात, मग तीन तासांचा पेपर तो कसा लिहिणार? म्हणून सुरुवातीचे काही रविवार आम्ही व्याख्यान बाजूला ठेवून नुसते लिहितो. एक प्रश्न, एक पान, मग सगळ्यांसमोर मोठ्याने वाचन. दुसऱ्याचे उत्तर ऐकले की 'मलाही हे येतंय' असे चेहऱ्यावर दिसते. हे काम व्हिडिओकडून होत नाही.

पण अनेक ठिकाणी संपर्कसत्रे नुसती कागदावर उरल्याचे विद्यार्थी सांगतात. 'पीडीएफ पाठवली आहे, वाचा' एवढ्यावर भागवले जाते. ती पीडीएफ उघडायची कशावर, तर संध्याकाळी मुलांच्या हातात असलेल्या घरातल्या एकुलत्या चांगल्या मोबाइलवर! वर्ग बंद पडला की बाजारातला 'अपेक्षित' प्रश्नसंच हेच पाठ्यपुस्तक होते, आणि 'पास करून देतो' म्हणणाऱ्या एजंटांचे फावते. मुक्त विद्यापीठाची पुस्तके स्वतःहून वाचता यावीत अशा बेताने लिहिलेली असतात, पण तीही कुणीतरी हाती देऊन पहिले प्रकरण बरोबर वाचावे लागते.

परीक्षेचे वेळापत्रक हा आणखी एक प्रश्न. ते ऐनवेळी लागले की कामगाराला रजा मिळत नाही आणि सेविकेला बदली माणूस सापडत नाही. असे राहिलेले पेपर निकालात नापास म्हणूनच मोजले जातात.

विद्यापीठांना आणि उच्च शिक्षण विभागाला माझी विनंती आहे. प्रवेशाच्या काळात प्रत्येक अभ्यासकेंद्रावर आयडी आणि नावाची अडचण सोडवू शकेल असा एक प्रशिक्षित माणूस बसवावा. नावातील फरकासाठी विवाहित स्त्रियांकडून साधे स्वयंघोषणापत्र घ्यावे. वेळापत्रक निदान दोन महिने आधी लावावे. संपर्कसत्रांच्या तपासणीत हजेरीच्या सह्या पाहून भागवू नये. अधिकाऱ्यांनी न कळवता एखाद्या रविवारी सकाळी यावे, मागच्या बाकावर बसावे आणि विद्यार्थ्यांच्या वह्या मागून बघाव्यात.

आपली,
रविवारच्या वर्गाची एक शिक्षिका
जि. सातारा