वास ओळखीचा निघाला

बाळ्या,

गणपतीत फोन करतो म्हणालो होतो. गणपती गेले, दिवाळीही गेली. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. तब्येत ठीक. साखर काठावर आहे, गोळी चालू.

झालंय असं, मी कॅराव्हान घेतली, मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर. जुनी, थेट इंग्लंडहून मागवलेली. जहाजभाडं धरूनही इथल्यापेक्षा स्वस्त पडते असा माझा हिशोब. माझा हिशोब म्हटल्यावर तू मेटाडोर काढणार, म्हणून आधीच सांगतो, गिअरबॉक्स बघायला तू गेला होतास, मी नाही. तीस वर्षं झाली तरी मी माघार घेणार नाही.

इंग्लंडचीच का, तर बाकी युरोपातल्या कॅराव्हानला दार उजव्या अंगाला असतं. इथं न्यूझीलंडात ते सरळ रहदारीत उघडणार. इंग्रजाचं दार आपल्यासारखं डावीकडे. एवढी अक्कल चालवली आणि जीएसटीत मार खाल्ला. 15 टक्के, तोही नुसत्या किमतीवर नाही, भाडं आणि विमा मिळवून. हे कळलं तेव्हा गाडी समुद्रात होती. हिला अजून पुरता आकडा सांगितलेला नाही, तेव्हा फोनवर जीभ आवर.

बंदरावर तपासणीला एक बाई. चाकांच्या कमानीत माती, बी-बियाणं आणि एक घाण वास मारणारा परदेशी ढेकूण शोधत होती. हसू नकोस, 2018 साली त्या ढेकणापायी जपानहून मोटारी घेऊन आलेली जहाजं यांनी ऑकलंडहून परत पाठवली होती. अर्धा तास गुडघ्यावर बसून तिला सापडलं एक वाळकं पान. ते चिमट्यानं उचलून पिशवीत घातलं, खुनाचा पुरावा असल्यासारखं.

हॅमिल्टनला घरी आणल्यावर ओल मोजणारा आला. त्याच्या यंत्रावर पंधराच्या आत आकडा हवा. पुढच्या खिडकीखाली टोचलं तर 28. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आत लाकडी पट्ट्या. सांध्यातून पाणी शिरलं की आतल्या आत कुजत जातं. त्यानं आतली फळी उचकटली आणि वास आला.

बाळ्या, तुमच्या सांगलीच्या गावभागातल्या माजघराचा वास. 2005 च्या पुराचा. पाणी उतरल्यावर आपण काकूंचं कपाट ओढलं आणि मागची प्लाय शिळ्या भाकरीसारखी हातात तुटली, तो. तो माणूस खर्च सांगत होता, मी "येस, येस" करत होतो. एक आकडा ऐकला असेन तर शपथ.

2019 ला आयर्विन पुलाला 57 फूट पाणी चढलं तेव्हा मी इथून एकच फोन केला. लागला नाही. परत केला नाही. लागला नाही म्हणून मला बरं वाटलं होतं, काय बोलणार होतो मी तुला? हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

धाकटीचं ठरलं असं कळलं, अभिनंदन. तारीख कळव. पेन्शनचं मार्गी लागलं का? वहिनींना नमस्कार.

आता ही गाडी. दुरुस्तीला खरेदीच्या निम्मे जातील. विकायची तर ओल लपवून विकावी लागेल, आणि ती मेटाडोर आपल्याला कशी विकली गेली ते विसरलो नाहीये. तू सांग. माजघराची भिंत तुम्ही पुरती उतरवलीत की नुसता गिलावा काढलात? आणि वास गेला का शेवटी?

तुझा,
पक्या