वयाचा हिशेब न करता तुलना नको

सरकारी रुग्णालयांत दाखल होणाऱ्या रुग्णांची वांशिक गटांनुसार टक्केवारी देणारा आपल्या अंकातील लेख वाचला. ज्या गटाचे रुग्ण कमी, तो गट अधिक निरोगी, हा त्यातील निष्कर्ष मात्र पटला नाही.

रुग्णालयात भरती होण्याचे प्रमाण तान्ह्या बाळांत आणि वृद्धांत सर्वाधिक असते. त्यामुळे ज्या समाजात तरुणांची संख्या मोठी, त्याचा एकूण दर आपोआप खाली दिसतो. न्यूझीलंडमध्ये २०१८च्या जनगणनेनुसार माओरींचे, म्हणजे तेथील मूळ रहिवाशांचे, मध्यक वय (निम्मे लोक ज्याहून लहान असतात ते वय) २५.४ वर्षे होते, तर युरोपीय वंशीयांचे ४१.४. सोळा वर्षांची ही तफावत बाजूला ठेवून केलेली तुलना दिशाभूल करणारीच ठरते. वयोगट वेगळे काढले की खरे चित्र दिसते. घशाच्या जंतुसंसर्गावर वेळेत उपचार न झाल्याने होणारा ऱ्हुमॅटिक ताप तेथे प्रामुख्याने माओरी आणि पॅसिफिक बेटांवरील कुटुंबांतील मुलांनाच गाठतो. तो पुढे हृदयाच्या झडपा निकामी करू शकतो. साध्या प्रतिजैविकांनी टळणारा हा आजार, म्हणून अधिकच अस्वस्थ करतो. एकूण टक्केवारीत ही मुले दिसतच नाहीत.

शिवाय भरतीचा आकडा म्हणजे आजारांचा आकडा नव्हे. एकच रुग्ण वर्षात चारदा दाखल झाला तर नोंदी चार होतात, आणि जो रुग्णालयापर्यंत पोहोचूच शकला नाही त्याची नोंदच होत नाही. अशी आकडेवारी छापताना वयानुसार प्रमाणित केलेले दर (म्हणजे गटांच्या वयरचनेतील फरकाचा परिणाम वगळून काढलेले) आणि प्रत्येक वयोगटाचे स्वतंत्र आकडे आपण द्यावेत, ही विनंती.