बंदरचालकाची मालकी बदलताना देशाची संमती हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पालघर जिल्ह्यातील होऊ घातलेल्या वाढवण बंदराच्या बातम्यांत भूसंपादन, मच्छीमारांचा विरोध आणि रोजगार यांची चर्चा असते आणि ती असायलाच हवी. मात्र त्या बंदरातील टर्मिनल, म्हणजे जहाजांवर कंटेनर चढवण्या-उतरवण्याचे धक्के, उद्या कोण चालवणार, आणि ज्याच्याशी करार होईल त्याची मालकी पंधरा-वीस वर्षांनी कोणाकडे असेल, याविषयी आपल्या नागपुरात कोणी बोलताना दिसत नाही. समुद्र दूर आहे, म्हणून हा कोकणाचा विषय आहे असे आपण धरून चालतो. वास्तविक नागपूरच्या कंटेनर डेपोतून रेल्वेने निघणाऱ्या निर्यातमालाचा मोठा वाटा मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरालाच जातो; ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचे आणि वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथील ड्राय पोर्टचे समर्थन करताना हेच बंदर आपल्याला दाखवले गेले. मालवाहतुकीच्या व्यवसायात आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मी सांगू शकतो, की न्हावा शेवाचे एक टर्मिनल थांबले तर बुटीबोरीच्या कारखानदाराला त्याची झळ त्याच आठवड्यात बसते.

न्हावा शेवाचाच इतिहास या बाबतीत बोलका आहे. देशातील पहिले खासगी कंटेनर टर्मिनल तेथे उभे राहिले, ते १९९७ साली पी अँड ओ या ब्रिटिश समूहातील कंपनीशी ३० वर्षांसाठी झालेल्या करारातून. २००६ मध्ये दुबई सरकारच्या मालकीच्या डीपी वर्ल्डने संपूर्ण पी अँड ओ विकत घेतली. त्याच व्यवहारात न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फिलाडेल्फिया, बाल्टिमोर, न्यू ऑर्लिन्स आणि मायामी येथील कामही डीपी वर्ल्डकडे जाणार होते. अमेरिकी संसदेत दोन्ही पक्ष खवळून उठले, अध्यक्ष बुश यांनी व्यवहाराची पाठराखण करूनही विरोध शमला नाही, आणि अखेर कंपनीला अमेरिकेतील काम एआयजी या अमेरिकी समूहाला विकावे लागले. तेथील विरोधात अरबांविषयीचा आकसही मिसळलेला होता आणि तो मला मुळीच समर्थनीय वाटत नाही. परंतु न्हावा शेवाचे टर्मिनल त्याच खरेदीत नव्या मालकाकडे गेले, तेव्हा त्या गदारोळाच्या शतांशानेही चर्चा आपल्याकडे झाल्याचे मला आठवत नाही. परदेशातील दोन कंपन्यांच्या व्यवहाराने आपल्या बंदराचा चालक बदलला.

आणि हे एकदाच घडले असे नाही. २०२२ मध्ये बंदर प्राधिकरणाने स्वतः चालवलेले टर्मिनलही जे. एम. बक्षी ही भारतीय कंपनी आणि फ्रान्सच्या सीएमए समूहातील कंपनी यांच्याकडे सोपवले. पुढच्याच वर्षी जर्मनीच्या हापाग-लॉइडने जे. एम. बक्षीच्या बंदर कंपनीत मोठा हिस्सा घेतला. डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एपीएम आणि सिंगापूरची पीएसए तेथे आधीपासून आहेतच. यातील कोणताही देश आपला शत्रू नाही आणि या कंपन्यांनी न्हावा शेवाचे काम वेगवान केले, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण या प्रमुख कंटेनर बंदरात आज बंदर प्राधिकरण स्वतः एकही कंटेनर टर्मिनल चालवत नाही. जमिनीची मालकी त्याची, चालवणारे इतर.

परकी कंपनी आली म्हणजे अतिरेकी बंदरातून आत येतील, ही भीती मला फारशी पटत नाही. मोठ्या बंदरांवर पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा असतो आणि तपासणी सीमाशुल्क विभागाची. १९९३ मध्ये आरडीएक्स उतरले ते रायगडच्या किनाऱ्यावर, आणि २००८ चे हल्लेखोर आले ते ‘कुबेर’ ही मासेमारी बोट ताब्यात घेऊन. या दोन्ही वेळा कोणत्याही टर्मिनलचालकाची गरज पडली नाही. खरा धोका माहितीचा आणि ताब्याचा आहे. कोणत्या कंटेनरमध्ये काय आहे, तो कोणी पाठवला, कोणासाठी आला, कोणत्या गाडीवर केव्हा चढला, ही सारी नोंद टर्मिनलचालकाच्या संगणकात असते. ज्या शहराच्या आसपास आयुध निर्माणी आणि स्फोटकांचे मोठे कारखाने आहेत, त्या शहराला हे समजावून सांगण्याची गरज नसावी. ती नोंद कोणत्या देशातील सर्व्हरवर साठते आणि तेथील कायद्याने कोणाला पाहता येते, हा सुरक्षेचाच प्रश्न आहे.

जून २०१७ मध्ये याची चुणूक मिळाली होती. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरलेल्या सायबर हल्ल्यात मर्स्कची जगभरची यंत्रणा बंद पडली आणि न्हावा शेवातील तिच्या समूहाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. तो हल्ला भारतावर नव्हता; कोणा दुसऱ्यांच्या भांडणाचा फटका आपल्या धक्क्याला बसला, कारण त्या टर्मिनलची यंत्रणा परदेशातील मूळ कंपनीच्या जाळ्याला जोडलेली होती.

ताब्याचा धोका ओळखायचा तर श्रीलंकेकडे पाहावे. २०१४ मध्ये चीनची पाणबुडी कोलंबोला आली, तेव्हा ती श्रीलंकेच्या बंदर प्राधिकरणाच्या धक्क्यावर थांबली नाही, तर चिनी कंपनी चालवत असलेल्या टर्मिनलला लागली. पुढे २०१७ मध्ये श्रीलंकेचेच हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी चायना मर्चंट्स या चिनी कंपनीकडे गेले आणि २०२२ मध्ये भारताने चिंता व्यक्त केल्यानंतरही ‘युआन वांग ५’ हे चिनी टेहळणी जहाज तेथे येऊन गेले. ऑस्ट्रेलियाची गोष्ट मला अधिक शिकवणारी वाटते, कारण तो काही कर्जात बुडालेला देश नव्हे. तेथील एका प्रांतिक सरकारने २०१५ मध्ये डार्विन बंदर ९९ वर्षांसाठी चिनी लँडब्रिज कंपनीला दिले, आणि दहा वर्षांनी तेथील दोन्ही प्रमुख पक्षांना निवडणुकीत ते परत घेण्याचे आश्वासन द्यावे लागले. देताना एक सही पुरते. परत घेताना नुकसानभरपाई, न्यायालये आणि परराष्ट्रसंबंध या सगळ्यांतून जावे लागते. भारतानेही इराणमधील चाबहार बंदरात काम केले आहे, भारतीय समूह इस्रायलमधील हैफा आणि कोलंबो या बंदरांत आहेत. तेव्हा यजमान देशाला असे प्रश्न विचारण्याचा हक्क आहे हे आपण मान्यच केले पाहिजे.

आपल्याकडे नियम नाहीत असे नव्हे. बंदराच्या निविदेपूर्वी गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागते. एप्रिल २०२० मध्ये भूसीमेला लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला सरकारची परवानगी सक्तीची करण्यात आली. मे २०२५ मध्ये तुर्कीच्या चेलेबी कंपनीची विमानतळांवरील सुरक्षा मंजुरी एका आदेशाने रद्द झाली आणि पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. पण विमानतळावरील सामान हाताळण्याचे काम दुसऱ्या कंपनीकडे देता येते. बंदरात धक्का, क्रेन, यार्ड आणि संगणकप्रणाली एकाच चालकाच्या हाती असतात, त्यामुळे त्याची मंजुरी उद्या काढून घ्यावी लागली तर परवा सकाळी जहाज कोण रिकामे करणार, याचे उत्तर आदेश काढण्याआधी तयार असायला हवे. आपले प्रशिक्षित मनुष्यबळ आणि आपली प्रणाली असलेले एक तरी टर्मिनल प्रत्येक मोठ्या बंदरात बंदर प्राधिकरणाने स्वतः चालवले पाहिजे, असे मला वाटते ते यासाठीच. त्यात थोडा खर्च जास्त होईल, कदाचित वेगही कमी पडेल. तो भार देशाने सोसावा.

७६,२२० कोटींच्या वाढवण प्रकल्पात न्हावा शेवाच्या बंदर प्राधिकरणाचा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६ टक्के वाटा आहे, म्हणजे जमीनमालकी सरकारचीच राहील. पण टर्मिनल चालवण्याच्या करारात, परदेशातील मूळ कंपनी विकली गेली तरी नव्याने सुरक्षा तपासणी होईल, ती होईपर्यंत नव्या मालकाला मालवाहतुकीची माहिती मिळणार नाही, आणि ही सगळी माहिती भारतातच साठवली जाईल, अशा अटी स्पष्ट शब्दांत असाव्यात. कराराचा सुरक्षेला बाधा न आणणारा भाग जनतेसमोर ठेवावा. मालकीबदलाच्या अटी सध्याच्या करारांतही असतात; परंतु त्या प्रत्यक्षात कधी आणि कशा वापरल्या गेल्या, हे सामान्य नागरिकाला कळण्याचा मार्ग नाही.

यासाठी वाढवण पूर्ण होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १९९७ च्या त्या पहिल्या कराराची ३० वर्षे २०२७ मध्ये भरतात. नागपूरचे खासदार नितीन गडकरी २०१४ ते २०१९ या काळात केंद्रीय जहाजवाहतूक मंत्री होते आणि बंदरांचे करार त्यांना आतून ठाऊक आहेत. त्या टर्मिनलचा पुढील करार कोणाशी आणि कोणत्या अटींवर होणार आहे, याची माहिती त्यांनी आणि विदर्भातील अन्य खासदारांनी सही होण्यापूर्वी सरकारकडे मागावी, अशी आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे.

आपला,
निवृत्त मालवाहतूक व्यावसायिक,
धंतोली, नागपूर