कोरीच्या होडीत तारा कुठे टांगावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चंद्रकोरीची होडी आणि तिच्यात कंदील म्हणून टांगलेला तारा, या रविवारच्या चित्रावरून वाचकांचा तर्कवाद झकास रंगलाय. ‘चंद्र ही होडी, होडी आतून पोकळ, म्हणून तारा आत मावतो’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. पण पहिलंच गृहीतक गळकं! कोरीच्या टोकांमधली जागा रिकामी नसते. तिथे ३,४७४ किमी व्यासाचा चंद्र अख्खाच असतो, फक्त अंधारात. रोहिणी किंवा मघा ही तारका त्याच्यामागे गेली की पापणी लवायच्या आत दिसेनाशी होते आणि बहुधा तास-दीड तासाच्या आत पलीकडून निघते.

होडीची ठेवण मात्र चित्रकाराने अचूक पकडली आहे. रत्नागिरी १७ उत्तर अक्षांशावर. इथे फेब्रुवारी-मार्चच्या संध्याकाळी क्रांतिवृत्त (सूर्याचा आकाशातला मार्ग; चंद्रही त्याच्या जवळूनच फिरतो) क्षितिजावर जवळजवळ उभं असतं, म्हणून द्वितीया-तृतीयेची कोर समुद्रावर सपाट तरंगते. सप्टेंबरात तेच वृत्त सुमारे ५० अंशांवर कलतं, होडी कुशीवर होते. ‘कंदिलातलं तेल सांडेल’ असा तर्क तिथे शोभला असता.

चित्रासाठी आधी नाणं ठेवून पूर्ण वर्तुळ काढावं. कोरीची टोकं नेमकी व्यासाच्या दोन टोकांवर यावीत. त्यापुढे वळली तर ती चंद्राची कला नव्हे, ग्रहण दिसतं. फुगीर बाजू मावळलेल्या सूर्याकडे. तारा वर्तुळाबाहेर, उंच डोलकाठीच्या टोकाला.

– आकाशनिरीक्षक वाचक, रत्नागिरी