टाचेखालच्या फरशीबद्दल क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारी तलवारबाजीच्या सायंकाळच्या सरावात फॉइल (तलवारबाजीतील एक हलके शस्त्र) खेळणारी माझी 16 वर्षांची विद्यार्थिनी लंजमधून, म्हणजे वार करताना पुढे घेतलेल्या झेपेतून, उठूच शकली नाही. टाच टेकली, गुडघा वाकला आणि ती तिथेच बसली. डॉक्टरांनी तीन महिने खेळ बंद ठेवायला सांगितले आहे. आम्ही सराव करतो त्या हॉलच्या उद्घाटनात दोन वर्षांपूर्वी व्यासपीठावरून लाकडी तळाचा शब्द देण्यात आला होता. प्रत्यक्षात सिमेंटच्या कोब्यावर विनाइलचा पातळ थर चिकटवून काम पूर्ण झाल्याचे दाखवले गेले.

हा तपशील किरकोळ वाटत असेल, तर लंज म्हणजे काय हे कृपया समजून घ्यावे. आधी शस्त्राचा हात सरळ होतो, मग पुढच्या पायाचा चवडा उचलला जातो आणि मागचा पाय गुडघ्यातून ताडकन सरळ होत सारे शरीर पुढे फेकतो. वेग मागचा पाय देतो. तो थोपवण्याचे काम मात्र पुढच्या पायावर येते. टाच आदळताच धक्का नडगीतून गुडघ्याकडे चढतो, मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावून गुडघा आवरतात आणि त्या ओढीने गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. उजव्या हाताच्या खेळाडूचा पुढचा पाय नेहमी उजवाच असल्यामुळे हा भार दोन पायांत कधी वाटलाही जात नाही. रोज 100 लंज, आठवड्याचे 5 दिवस आणि वर्षाचे 40 आठवडे धरले तरी एकाच टाचेवर 20,000 आघात होतात, आणि यात मी सामने धरलेलेच नाहीत.

ब्रिटनमधील संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लंजचा धक्का नडगीवर मोजला, तेव्हा सिमेंटवरच्या विनाइलवर तो लवचीक लाकडी तळापेक्षा लक्षणीय जास्त भरला. म्हणजे नेमका जो तळ वाईट, तोच आमच्या मुलांच्या पायाखाली घातला गेला आहे.

माझा स्वतःचा उजवा गुडघा अशाच फरशीवर गेला. आम्ही खडूने तलवारबाजीची 14 मीटरची पट्टी आखून खेळत होतो, आणि आज मी कठडा धरल्याशिवाय जिना उतरू शकत नाही. तेव्हा कोणी काही कबूल केले नव्हते, म्हणून मी तक्रार केली नाही. या मुलांना मात्र शब्द दिला होता. भवानीदेवी 2021 मध्ये टोकियोत ऑलिंपिक खेळणारी पहिली भारतीय तलवारबाज ठरली, तेव्हा आमच्या गावातही अभिनंदनाचे फलक लागले. त्यातला एकही फलक या फरशीपर्यंत पोहोचला नाही. आपल्या क्रीडाव्यवस्थेत पदके मोजली जातात, हॉलचे चौरस फूट मोजले जातात, प्रमाणपत्रे मोजली जातात. पण गुडघ्यापायी सतराव्या वर्षी खेळ सोडणाऱ्या मुलांची नोंद ठेवणारी वही मला कोणत्याही कार्यालयात दिसलेली नाही.

कबूल केलेला लाकडी तळ बसवावा आणि यापुढे तलवारबाजीच्या कोणत्याही हॉलला पूर्णत्वाचा दाखला देण्याआधी तळ तपासावा, एवढीच माझी मागणी आहे. तोपर्यंत माझ्या वर्गात लंज बंद आहे. पुढच्या महिन्यात निवड चाचणी असून 23 मुले उभ्या जागी फक्त हात सरळ करण्याचा सराव करत आहेत.

आपली,
जिल्ह्यातील एक तलवारबाजी प्रशिक्षक