समासात लिहिणारं कुणीतरी हवं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिडकोत माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. २१ वर्षं झाली. भाडेकरार, बायोडाटा, लग्नपत्रिकेचे मजकूर, बीएडच्या मुलींचे पाठ हे रोजचं. शिवाय वर्षाला चार-पाच कवितासंग्रह आणि एखादं आत्मचरित्र. पुस्तक काढायचं मनात आलं की माणूस आधी प्रकाशकाकडे जात नाही. आधी टायपिंगवाल्याकडे येतो. त्यामुळे नाशकात कोण काय लिहितंय हे मला जरा लवकर कळतं.

मी स्वतःही कथा लिहिते. दोन दिवाळी अंकांत छापून आल्या. अकरा पाठवल्या त्या गेल्या त्या गेल्याच. त्यातली एक तुमच्याच पुरवणीला पाठवलेली आहे, पण पत्राचं कारण ते नाही. गेल्या रविवारी पुरवणीत एका लेखात असं होतं की हल्लीच्या नवोदितांची चंगळ आहे, त्यांना मोबाइलवर सगळं मिळतं. ते वाचून गप्प बसवेना.

मिळतं, हे खरं आहे. मी दुकान टाकलं तेव्हा एखादा शब्द अडला की सार्वजनिक वाचनालयात जाऊन कोश उघडावा लागायचा, आणि दुकान सोडून जाणार कोण? आता मोल्सवर्थचा १८५७चा कोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने इंटरनेटवर ठेवलेत, फुकट. माझी आई दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, जायची. बायांची टोळी काम ‘उक्तं’ घ्यायची, म्हणजे रोजावर नाही, अख्ख्या बागेचं मिळून. कथेत हा शब्द कसा लिहायचा तेच मला कळेना. मोल्सवर्थमध्ये ‘उकता’ सापडला आणि अर्थ आईच्या अर्थाशी जुळला, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आईला उठवून सांगितलं. ती म्हणाली, “मग? मी काय खोटं बोलत होते?”

मराठी विश्वकोश आहे. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर कितीतरी ग्रंथ नुसते उतरवून घ्यायचे आहेत, आणि पहिल्या पुस्तकासाठी नवलेखक अनुदान देणारं मंडळही हेच. माझ्याकडे टायपिंगला येणाऱ्या दहांतल्या नऊ जणांनी या अनुदानाचं नाव ऐकलेलं नसतं. शुद्धलेखनाचे नियम तर मी काउंटरवर काचेखालीच ठेवलेत. साहित्य महामंडळाचे १४ नियम सरकारने १९६२ साली मान्य केले आणि १९७२ साली आणखी ४ आले, सगळे मिळून १८. एवढं असून ‘आणी’ लिहिणारे काही थांबत नाहीत. (‘आणि’ ऱ्हस्वच. शेवटचा इकार दीर्घ लिहायचा, त्याला हा अपवाद, नियमातच दिलाय.)

आणखी एक, हे कुठल्याच लेखनकार्यशाळेत सांगत नाहीत. श्रीलिपीत, म्हणजे डीटीपीच्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेला मजकूर ई-मेलमध्ये चिकटवला तर समोरच्याला नुसतं इंग्रजी अक्षरांचं भजं दिसतं. एका बाईंनी तीन वर्षं दिवाळी अंकांना कथा अशाच पाठवल्या होत्या. संपादकांनी बहुतेक उघडून बंद केल्या असतील, आणि या मात्र समजत राहिल्या की आपल्याला लिहिता येत नाही. मी त्यांना युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाइल-कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल असं, करून दिलं. चौथ्या वर्षी एक कथा लागली.

तर सामग्री भरपूर आहे. माणूस मिळत नाही, आणि माणूस मिळत नाही हे ज्यांना बरोबर कळलंय त्यांनी त्याचं दुकान मांडलंय. मीही फसले आहे, सांगायला लाज नाही. ‘तीस दिवसांत लेखक व्हा’ या ९९ रुपयांच्या वेबिनारला बसले. पडद्यावर एक गृहस्थ दोन तास बोलले, त्यातला दीड तास स्वतःबद्दल. शेवटी घड्याळ उलटं धावायला लागलं, दहा मिनिटांत नाव नोंदवलं तर वैयक्तिक मार्गदर्शन २,९९९ रुपयांत. नोंदवलं. माझ्या चौदा पानांच्या कथेवर जे मार्गदर्शन आलं ते इतकंच होतं : ‘खूप छान. पात्रं अजून फुलवा.’ माझ्यासोबत पैसे भरलेल्या पंचवटीतल्या मैत्रिणीला तिच्या कवितांवर आलं, ‘खूप छान. पात्रं अजून फुलवा.’ तिच्या कविता पावसावर होत्या.

याहून वाईट गोष्ट एका काकांची. निवृत्त माणूस, अभंगासारखं साधं, गोड लिहायचे. त्यांनी ४५ हजारांचं ‘प्रकाशन पॅकेज’ घेतलं. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, दीड हजार वेगळे. तो क्रमांक केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची यंत्रणा ऑनलाइन अर्जावर देते, लेखक स्वतः अर्ज करू शकतो आणि त्याला एक पैसा लागत नाही. ‘कॉपीराइट करून देतो’ म्हणून आणखी तीन हजार. साहित्यकृतीच्या नोंदणीची सरकारी फी ५०० रुपये आहे आणि नोंदणी सक्तीचीही नाही, लिहिलं की हक्क तुमचाच. करार त्यांना मेलवर आला होता. त्याची प्रिंट माझ्याच दुकानात निघाली, दोन पानं, चार रुपये. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील’ हे वाक्य मी वाचलं होतं. मुदत लिहिलीच नसती तरी बरं झालं असतं, कारण १९५७च्या कायद्याप्रमाणे हस्तांतराच्या करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षांची धरतात. इथे ‘कायमस्वरूपी’ स्पष्ट छापलेलं. मी बोलले नाही. गिऱ्हाइकाच्या कागदात तोंड घालायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम. काकांच्या पलंगाखाली अजून दोनशेच्या वर प्रती आहेत. एक मला भेट दिली, ‘चि. सौ. ताईस’ असं लिहून. ते पुस्तक मी दुकानात समोर ठेवत नाही.

मला माझा माणूस मिळाला तो योगायोगाने. निफाड तालुक्यातले एक निवृत्त मराठीचे शिक्षक, वय ऐंशीच्या घरात, दोन दोनशेपानी वह्या घेऊन दुकानात आले. आत्मचरित्र. त्यांच्या अक्षराला सवय होईपर्यंत मला आठवडा लागला. एकदा हिशेबाला बसले असताना मी म्हटलं, सर, पैसे नकोत, माझी एक कथा वाचाल का? ते म्हणाले, “वाचीन, पण छान आहे म्हणणार नाही.”

कथा परत आली ती पेन्सिलीने भरून. पहिल्या दीड पानावर, म्हणजे पहाट, कोंबडा, सूर्यनारायण वगैरेवर, एकच तिरकी रेघ. ‘तिच्या मनात विचारांचं काहूर माजलं’ या वाक्याशेजारी समासात प्रश्न : ‘काहूर कधी पाहिलंयस?’ पुढे थिनिंगची बाई नवऱ्याला म्हणते, ‘मी हतबल झाले आहे.’ तिथे : ‘ही असं बोलेल? आईला विचार.’ आईला विचारलं. आई म्हणाली, “ती म्हनंल, माझ्यानं नाही होत आता.” तेच ठेवलं. छापून आलेल्या दोन कथांपैकी ती एक.

सर आता मुलाकडे पुण्याला असतात. मी पानांची पीडीएफ पाठवते, सून ती त्यांना छापून देते, सर पेन्सिलीने लिहितात आणि नातू फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो. कधी आवाजातला निरोप येतो, त्यात मागे कुकरच्या शिट्ट्या. म्हणजे ऑनलाइन मार्गदर्शन वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. माझं तर तेच आहे. पण पलीकडे एक माणूस आहे आणि तो माझं पान खरोखर वाचतो.

मध्यंतरी भाचा म्हणाला, आत्या, एआयला दे, दोन मिनिटांत सुधारून देईल. दिली. शुद्धलेखन चोख झालं, कबूल. पण ‘थिनिंग’चं ‘विरळणी’ झालं, ‘बाया’ होत्या त्या ‘महिला’ झाल्या आणि आईचं ‘नाही होत आता’ जाऊन ‘मी पूर्णपणे थकून गेले आहे’ आलं. दिंडोरीच्या बागेत विरळणी म्हणणारी बाई मला कुणी दाखवावी. सरांना सांगितलं तर हसले. म्हणाले, काहूर माजलं नाही ना?

सर सांगतात, त्यांच्या तरुणपणी ‘साभार परत’सुद्धा शिकवून जायचं. १९८२ साली बंद पडलेल्या ‘सत्यकथा’ मासिकाच्या संपादकांची, श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची, लेखकांना गेलेली पत्रं हा आजही बोलण्याचा विषय आहे. आणि आपल्या नाशकात तर तात्यासाहेब शिरवाडकर, म्हणजे कुसुमाग्रज, होते. त्यांचं दार कुणालाही उघडं असतं असं सगळे सांगायचे. मी कॉलेजात असताना वही घेऊन टिळकवाडीत दोनदा गेले आणि दोनदा फाटकावरून परत आले. १९९९च्या मार्चमध्ये ते गेले. ती वही अजून आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातलं काही दाखवण्यासारखं नव्हतं. पण तेच तर कुणीतरी सांगायला हवं होतं.

आता मागणं. गावाकडे एक आणि तुमच्याकडे एक.

आपलं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या वाचकांसाठीच्या योजनेच्या शंभर-शंभर पुस्तकांच्या पेट्या याच गावातून निघाल्या. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच आहे आणि लांबच्या विद्यार्थ्याला शिकवणं हेच त्यांचं काम. निवृत्त मराठी शिक्षक तर प्रत्येक कॉलनीत दोन. यांपैकी कुणीही एक टेबल, आठवड्यातून दोन तास, एवढं करावं. दहा पानं घेऊन या, पुढच्या आठवड्यात समासात लिहून परत न्या. भाषण नको, हार नको, प्रमाणपत्र तर मुळीच नको. फार तर करारावर सही करण्याआधी तो वाचून देणारा एखादा वकील महिन्यातून एकदा बसावा. काकांना तेवढंच हवं होतं.

आणि तुम्ही. प्रत्येक कथेला उत्तर द्या असं मी म्हणत नाही, तुमच्याकडे किती टपाल येत असेल याची मला कल्पना आहे. दर रविवारी नाकारलेल्या एकाच कथेबद्दल, लेखकाचं नाव न देता, पाच ओळी छापा. सुरुवात लांबली, शेवट कळला नाही, संवाद खोटे वाटले, जे असेल ते. ज्याची असेल त्याला बरोबर कळेल, आणि बाकीचे शंभर जण आपापली कथा काढून बघतील. हवं तर सुरुवात माझ्या कथेपासून करा. बस डेपोत बाळंत होणाऱ्या बाईची ती. शेवट जमलेला नाही हे मला माहीत आहे. का जमला नाही ते कळत नाही.

माझ्याकडून एवढं करू शकते : श्रीलिपीतलं लेखन युनिकोडमध्ये करून हवं असेल त्यांना शनिवारी दुपारी ४ ते ६ फुकट करून देईन. पत्ता तुमच्याकडे आहे, विचारणाऱ्याला द्यावा. नाव मात्र छापू नये, काका तुमचाच पेपर वाचतात.

आपली,
एक डीटीपीवाली, सिडको, नाशिक

ता. क. पत्र युनिकोडमध्येच पाठवलं आहे. छपाईत ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ फुटला तर तुमच्या डीटीपीवाल्याला माझा फोन नंबर द्या.