मातीचा तट म्हणजे ढिगारा नव्हे

भुवनेश्वरजवळच्या शिशुपालगड या प्राचीन तटबंदीच्या नगराच्या अवशेषांवरील अतिक्रमणांची बातमी वाचली. तीत तटाला ‘मातीचा ढिगारा’ म्हटले आहे, ते खटकले. १९४८ साली पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी हा तट छेदून पाहिला, तेव्हा पहिल्या टप्प्यातला मातीचा बांधच तळाशी सुमारे ३३ मीटर रुंद आणि साडेसात मीटर उंच भरला. त्यावर पुढे जांभ्याच्या मुरमाचा थर, मग विटांच्या दोन भिंती. ढासळलेली दगडी भिंत पुन्हा रचता येते. इथे जेसीबीने खिंडार पाडले की थरांचा क्रम कायमचा जातो आणि पावसात तिथेच घळ पडते. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला कायद्याने बंदी आहेच. हद्दीचे खांब मात्र तटाच्या पायथ्याशी न रोवता खंदकाच्या बाहेरच्या काठावर रोवावेत. खंदक बुजवला तर पाणी पायथ्याशी तुंबते आणि माती सुटू लागते.

– एक वाचक, पुणे